मीठ कोणाचे?

पाउल गेओर्ग फॉन म्योलेंडॉर्फ या जर्मन मुत्सद्द्यावर विश्वासघाताचा शिक्का मारून मोकळ्या होणाऱ्या इतिहासकार मंडळींना आमचा एकच प्रश्न आहे : विश्वासघात खरा, पण कोणाचा?

हकीकत अशी. १८८२ च्या अखेरीस चीनचे धूर्त मुत्सद्दी ली हुंगचांग यांनी या गृहस्थाला कोरियाच्या गोजोंग राजाकडे सल्लागार म्हणून धाडले. कोरिया चीनच्या मुठीत राहावा, हा लींचा हेतू उघडच होता. पण पाहुणा निघाला निराळा! सेऊलला येऊन त्याने कोरियन दरबारी पोशाख अंगावर चढवला, मोक इन-डोक हे नाव घेतले, १८८३ मध्ये त्या देशाचे जकात खाते उभे केले. त्याच्या सल्ल्याने पाडलेल्या हलक्या नाण्यांनी बाजारात महागाई भडकवली, हेही खरे. त्याचा कैवार आम्ही घेणार नाही.

डिसेंबर १८८४ मध्ये टपाल कचेरीच्या मेजवानीत बंडखोरांनी राणीच्या माहेरच्या मिन योंग-इकवर शस्त्र चालवले. रक्तात न्हालेल्या त्या तरुणाला आपल्या घरी नेऊन अ‍ॅलन या अमेरिकन डॉक्टरला बोलावणे धाडणारा हाच जर्मन. त्या बंडात चिनी आणि जपानी शिपाई प्रत्यक्ष राजवाड्यात एकमेकांवर गोळ्या झाडताना दिसले. दोघे शेजारी, दोघांचीही नजर घरावर! अशा वेळी त्याने रशियाचा आधार शोधला आणि रशियन लष्करी शिक्षक आणण्याची बोलणी चालवली. परराष्ट्रमंत्र्याला अंधारात ठेवून ती केली, हा त्याचा मोठा दोष. शिवाय आगीतून फुफाट्यात जाण्याची भीती होतीच. एप्रिल १८८५ मध्ये इंग्रजांनी रशियाचे निमित्त सांगून कोरियाचे कोमुन बेट बळकावले, तेव्हा नागासाकीपर्यंत जाऊन इंग्रज नौसेनापतीपाशी निषेध नोंदवायलाही हाच गेला.

त्याच वर्षी लींच्या दडपणाने त्याला काढण्यात आले. का? तर ज्या राजाचे मीठ खाल्ले त्याला तो जागला म्हणून! शिफारस करणाऱ्याची चाकरी आयुष्यभर करावी, असा दंडक कोणत्या शास्त्रात आहे?

बरे, लींनी १८८६ मध्ये त्याच्या जागी ओवेन डेनी हा अमेरिकन कायदेपंडित पाठवला. आणि गंमत पाहा : १८८८ मध्ये याच डेनीने कोरिया चीनचा ताबेदार नाही, असे ठणकावणारी पुस्तिका छापली. आता त्यालाही विश्वासघातकी म्हणणार काय?