आधीचे चांगले, नंतरचे सवंग?

‘जुने ते सोने’ अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे आणि ‘नव्याचे नऊ दिवस’ अशीही एक आहे. दोन्ही म्हणी जुन्याचीच बाजू घेतात. नव्याची कड घेणारी म्हण शोधू गेले तर सहजी सापडत नाही. म्हणूनच की काय, एखाद्या कलावंताला मोठे यश मिळाले की “याचे आधीचे काम खरे, आता तो राहिला नाही” असे म्हणणारे जाणकार लगेच पुढे येतात. साहित्यात हे होते, नाटकात होते, आणि गाण्याच्या प्रांतात तर फारच होते.

आमच्या महाविद्यालयात इंग्रजी रॉक संगीत ऐकणारा एक छोटासा कंपू आहे. मेटॅलिका हा अमेरिकन बँड म्हणजे त्यांचे दैवत. पण या दैवताचे भक्त दोन पंथांत विभागलेले आहेत. १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हा अल्बम म्हणजे खरा मेटॅलिका, असे एक पंथ मानतो. १९९१ साली काळ्या मुखपृष्ठाचा जो अल्बम निघाला आणि ज्याने हा बँड घरोघर पोचवला, तो म्हणजे निव्वळ तडजोड, असे या पंथाचे ठाम मत. दुसरा पंथ त्या काळ्या अल्बमवरच वाढलेला. गंमत अशी, की हे दोन्ही अल्बम निघाले तेव्हा वाद घालणाऱ्यांपैकी एकाचाही जन्म झालेला नव्हता!

हा वाद समजून घ्यायला अमेरिकेपर्यंत जाण्याची मात्र गरज नाही. जवळजवळ त्याच शब्दांत तो आपल्याकडे अजय-अतुल यांच्यावरून चालतो. कँटीनमध्ये एकजण म्हणतो, “अबे, आधी ‘जोगवा’ आईक, मग बोल.” दुसरा उत्तर देतो, “तुह्या जोगव्यावर वरातीत कोणी नाचते का बे?” बस, पुढचा एक तास कुणी वर्गाकडे फिरकत नाही. प्राध्यापक मंडळी या वादापासून अलिप्त असतात असेही नाही. त्यांच्यापैकी काहींना तर खळे आणि फडके यांच्यानंतर मराठीत संगीतच झाले नाही असे वाटते. असो.

जुन्या चाहत्यांचे म्हणणे थोडक्यात असे. २००१ मध्ये ‘विश्वविनायक’ आला. एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांच्या आवाजात गणपतीची स्तोत्रे अशा भारदस्त वाद्यमेळात मराठी माणसाने तोवर ऐकली नव्हती. २००४ मध्ये ‘अगं बाई अरेच्चा!’ आला. २००९ मध्ये ‘जोगवा’ प्रदर्शित झाला आणि त्याने संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार तर मिळवलाच, शिवाय हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांनाही पार्श्वगायनाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिले. येथपर्यंतचे अजय-अतुल खरे. पुढे २०१२ चा हिंदी ‘अग्निपथ’, २०१६ चा ‘सैराट’ आणि त्यातले ‘झिंगाट’ आले आणि संगीत गेले, नाच तेवढा उरला. हा झाला आरोप.

माझ्या मते हा आरोप टिकत नाही, आणि त्याचे पहिले कारण अगदी साधे आहे. सनावळी त्याच्या विरुद्ध जाते. ‘कोंबडी पळाली’ हे गाणे कधीचे? २००६ च्या ‘जत्रा’ चित्रपटातले. म्हणजे ‘जोगवा’च्या तीन वर्षे आधीचे! नाचायला लावणारे गाणे आधी आले आणि डोळ्यांत पाणी आणणारे नंतर. तीच चाल सहा वर्षांनी ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर वाजली. आता या चालीला आधीची म्हणायचे की नंतरची? शुद्ध म्हणायचे की सवंग? 

दुसऱ्या टोकालाही हेच दिसते. ‘अगं बाई अरेच्चा!’मधील ‘मल्हारवारी’ या गाण्यात अजय गोगावले यांच्याबरोबर शाहीर साबळे यांचा आवाज आहे. तो चित्रपट केदार शिंदे यांचा, आणि ते शाहिरांचे नातू. एकोणीस वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच केदार शिंदे यांनी आजोबांच्या जीवनावर ‘महाराष्ट्र शाहीर’ काढला. संगीत पुन्हा अजय-अतुल यांचेच. ज्यांनी मूळ सोडले असे आपण म्हणतो, ते एकोणीस वर्षांनी त्याच दारात उभे आहेत.

एका कलावंताने दोन तऱ्हांचे काम करू नये असा दंडक आपल्याकडे कधीच नव्हता. शाहीर साबळे यांच्या खड्या आवाजात महाराष्ट्रभर पोचलेले जे गीत २०२३ मध्ये आपले राज्यगीत झाले, त्याचे कवी राजा बढे हे नागपूरचे सुपुत्र. डफाच्या थापेवर शोभणारे ते गीत लिहिणाऱ्या याच कवीने चांदण्यासारखी हळुवार भावगीतेही लिहिली. त्यांतले खरे बढे कोणते, असे विचारावेसे आपल्याला कधी वाटले नाही. ते दोन्ही आपण आनंदाने घेतले.

दुसरी गोष्ट आमच्या हुडकेश्वर रस्त्यावर दर वर्षी कुणालाही पाहता येईल. गणेशोत्सवात सकाळी आरतीच्या सुमारास मांडवातून ‘विश्वविनायक’ ऐकू येतो. विसर्जनाच्या दिवशी त्याच मंडळाच्या मिरवणुकीत ‘झिंगाट’ लागते. कार्यकर्ते तेच, पोरे तीच. सकाळी हात जोडून उभ्या असलेल्या पोरांनी रात्री नाचताना आपली भक्ती सोडली, असे कुणी म्हणत नाही. माणसाला दिवसातून दोन्हींची गरज लागते. (डीजेच्या भिंतींचा कानठळ्या बसवणारा आवाज मलाही नको आहे. पण ती तक्रार आवाजाची झाली, गाण्याची नव्हे.)

आता ‘झिंगाट’विषयी. ‘सैराट’मध्ये गाणी चारच. त्यांतले हे एक. इतर गाण्यांसाठी ज्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसला झाले, त्याची करमाळ्याच्या शेतशिवाराशी अशी गाठ पडेल असे कुणाच्या स्वप्नातही आले नसते. पण ‘झिंगाट’ वेगळे काढून बघितले तरी ते कोठे येते ते पाहावे. वाढदिवसाचा जल्लोष चालू आहे, सारा गाव बेभान आहे, आणि त्याच रात्री आर्ची-परशाचे बिंग फुटते. त्यांच्या आयुष्यातला निर्धास्त आनंद तेथे संपतो. पुढे जे घडते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. शेवटच्या दृश्यात तर सारे आवाज थांबतात. त्या शांततेची किंमत कळण्यासाठी आधी तेवढाच दणदणाट लागतो. चित्रपटातून तोडून, वरातीपुरते ठेवून आपण ते गाणे ऐकले आणि मग त्याला उथळ म्हटले, तर दोष कुणाचा?

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. ‘सवंग’ हा शब्द आपण गाण्याला लावतो, पण पुष्कळदा तो गाण्याला लावलेला नसतो, त्यावर नाचणाऱ्याला लावलेला असतो. जोवर एखादे गाणे हेडफोन लावून खोलीत ऐकणाऱ्या चारजणांचे असते तोवर ते अभिजात. वस्तीतल्या लग्नात, ट्रॅक्टरवर, पानठेल्यावर ते वाजू लागले की त्याची जात घसरते. गाण्याचा एक स्वरही बदललेला नसतो. बदललेली असतात ती ऐकणारी माणसे. २०२२ चा ‘झुंड’ तर आपल्याच नागपूरचा. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडा विभागात काम केलेल्या विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवले, त्या कामावर तो बेतलेला आहे. त्या मुलांसाठी अजय-अतुल यांनी ठेक्याची, रांगडी गाणी केली. त्यांच्या पायांना ‘जोगवा’तली आर्त चाल शोभली असती काय? ज्याचे गाणे त्याच्या अंगाचे असावे, हा तर संगीतकाराचा गुण झाला.

म्हणून माझ्या वर्गातला एखादा मित्र “मला ‘झिंगाट’मुळे हे दोघे माहीत झाले” असे म्हणतो आणि बाकीचे हसतात, तेव्हा ते हसणे मला संगीताविषयीचे वाटत नाही. “आम्ही आधी आलो, तू मागून आलास” एवढेच त्याचा अर्थ असतो. रांगेत आधी उभे राहिल्याने दर्शन आधी होते हे खरे, पण म्हणून देव आपल्या मालकीचा होत नाही. १७ मे १९६६ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन गात असताना एका श्रोत्याने त्याला ‘ज्यूडास’, म्हणजे विश्वासघातकी, अशी हाक मारली. साध्या गिटारवर लोकगीते गाणारा डिलन त्या श्रोत्याला आपला वाटत होता. आज त्या दौऱ्याचे ध्वनिमुद्रण लोक ठेवा म्हणून जपतात, आणि ती हाकही त्यात ऐकू येते.

शिवाय ‘आधीचे’ आणि ‘नंतरचे’ यांची सीमारेषा तरी कोठे स्थिर आहे? आज प्रथम वर्षात आलेला विद्यार्थी ‘सैराट’च्या वेळी प्राथमिक शाळेत होता. त्याच्या दृष्टीने ‘सैराट’ हेच बालपण आहे, जुने सोने आहे. २०२२ च्या ‘चंद्रमुखी’तील आणि ‘वेड’मधील गाणी ऐकून तो आत्ताच म्हणू लागला आहे की ‘सैराट’ची सर याला नाही! काल जे ‘नंतरचे’ म्हणून नाक मुरडण्याजोगे होते, ते आज ‘आधीचे’ म्हणून पूज्य झाले. यावरून वाटते, की आपण पुष्कळदा गाण्याची नव्हे, आपल्या सोळाव्या वर्षाची आठवण काढत असतो. आठवण काढावी. तिच्यावरून निकाल मात्र देऊ नये.

याचा अर्थ जुन्या श्रोत्यांनी तोंड उघडूच नये असा नाही. त्यांच्या तक्रारीत तथ्यही आहे. प्रत्येक चित्रपटात एक लावणी, एक ठेक्याचे गाणे आणि व्हायोलिनांच्या लाटेवर उंच चढणारे एक प्रेमगीत, असा साचा पडू लागला आहे, असे कुणी म्हटले तर मी त्याच्याशी भांडणार नाही. ‘झिंगाट’ २०१८ मध्ये हिंदी ‘धडक’साठी पुन्हा केले तेव्हा ठेका राहिला, पण करमाळ्याच्या बोलीबरोबर त्यातले गाव निघून गेले आणि ते उदयपुरात उपऱ्यासारखे वाजले. ही टीका झाली. तिच्यात कोणते गाणे, काय बिघडले आणि का, हे सांगितलेले आहे. “आधीचे चांगले होते” या वाक्यात यातले काहीच नसते. ज्याने पंचवीस वर्षे एका संगीतकाराला ऐकले आहे त्याच्या कानाकडून एवढी अपेक्षा करणे गैर नाही. उलट तोच हे सांगू शकतो. ‘मल्हारवारी’तला संबळ आणि ‘झिंगाट’चा ठेका यांचे नाते नव्या मुलाला कोण दाखवणार?

लवकरच स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतील आणि समूहनृत्याला, समूहगीताला कोणती गाणी घ्यावीत यावरून दर वर्षीप्रमाणे मतभेद होतील. निवड करणाऱ्या मंडळींना माझी विनंती एवढीच आहे, की गाणे कोणत्या सालचे आहे आणि ते कोठल्या वरातीत वाजते हे आधी विचारू नये. ते एकदा पूर्ण ऐकावे. नाकारायचे असेल तर खुशाल नाकारावे, पण नाव सुचवणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे कारण सांगावे. कारण ऐकून तो कदाचित नाराज होईल, पण पुढच्या वेळी तो ‘जोगवा’ ऐकून येईल. नुसते हसून त्याला परत पाठवले, तर तो गाणे सुचवायलाच येणार नाही.