दहा काठ्या जमीन
(तृतीय वर्ष कला, इतिहास)

गेल्या वर्षी माघ महिन्यात आमच्या वसतिगृहाच्या मागे मेथी उगवली होती, ही गोष्ट कोणत्याही वार्षिक अहवालात नोंदलेली नाही. ती येथे नोंदवून ठेवतो.

त्या जागी पूर्वी काय होते, हे मागच्या बाजूच्या खोल्यांत राहिलेल्यांना सांगायला नको. मोडकी बाके, गंजलेल्या खाटा आणि कमरेइतके गाजरगवत. आम्ही सहा जणांनी दोन रविवार खपून ते गवत उपटले (एकाच्या हातांना आठवडाभर खाज सुटली होती, हेही नोंदवतो), जवळच्या गोठ्यातून घमेल्याने शेणखत आणले आणि सहा वाफे पाडले. मेथी, मुळा, लाल माठ आणि कडेने गवार. न्हाणीघराचे वाहून जाणारे पाणी चारी काढून वळवले. महिन्याभरात मेथी काढणीला आली. मेसच्या मावशींनी ती निवडताना एकच शेरा मारला, "पोरांनो, बी फार दाट टाकलंय." शेरा खरा होता. भाजी मात्र त्या दिवशी दोन्ही पंगतींना पुरली.

मुळे संपत आले, गवारीला फुले धरली, आणि फाल्गुनाच्या अखेरीस एका महत्त्वाच्या समितीची भेट ठरली. परिसर सुशोभित करणे आवश्यक होते. एका सकाळी आम्ही तासाला बसलो असताना जेसीबी येऊन गेला. आता तेथे लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक आहेत. वाहनतळ म्हणतात त्याला. त्यावर कोणी वाहन लावत नाही, कारण तेथवर वाहन जाईल असा रस्ताच नाही.

हे सांगतो ते गाऱ्हाणे मांडण्यासाठी नाही. ज्यांनी हुकूम दिला त्यांना आमचे वाफे ठाऊकही नसावेत. आणि आम्हाला लागवडीची परवानगी होती का? होती. "लावा, काही हरकत नाही," असे आम्हाला जिन्यात, घाईघाईत सांगण्यात आले होते. जिन्यात मिळालेली परवानगी किती दिवस टिकते, हे आम्हाला त्या फाल्गुनात कळले. माझ्या लेखाचा विषय मेथी नसून ती परवानगी आहे.

माझी मावशी बरीच वर्षे इंग्लंडात, लेस्टरला राहते. तिला मी पेव्हर ब्लॉकचा फोटो पाठवला, तेव्हा तिचा उलट फोन आला. म्हणाली, "माझ्या प्लॉटला कुणी असा हात लावला असता तर मी कौन्सिलच्या दारात जाऊन बसले असते. आणि मला उठवायची कुणाची प्राज्ञा नव्हती." मावशी काही फार भांडखोर नाही. तिच्या आवाजात ही ऐट आली कोठून, या कुतूहलापोटी मी ग्रंथालयात जाऊन बसलो. तोवर 'अलॉटमेंट' हा शब्द मी फक्त सदनिकांच्या सोडतीच्या संदर्भात ऐकला होता.

तिकडे अलॉटमेंट म्हणजे नगरपालिकेने नागरिकाला भाजीपाला पिकवण्यासाठी वार्षिक खंडाने दिलेला जमिनीचा तुकडा. घराला लागून नव्हे. गावाच्या कडेला, रेल्वेच्या रुळांलगत, अशा कोठेतरी पन्नास-शंभर तुकडे ओळीने आखलेले असतात. मोजणी अजूनही जुन्या 'रॉड'मध्ये, म्हणजे साडेपाच यार्डांच्या काठीने करतात. पूर्ण प्लॉट म्हणजे दहा चौरस काठ्या. हिशेब करून पाहिला, तर आपल्या मापाने बरोबर अडीच गुंठे भरतात. काठी आपल्यालाही परकी नाही. पाच हात आणि पाच मुठी यांची एक काठी, वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, हे कोष्टक आपल्या आजोबा-पणजोबांना तोंडपाठ होते. आपण काठी विसरलो. त्यांनी ती भाजीच्या वाफ्यापुरती का होईना जपून ठेवली आहे.

मावशी सांगते त्यावरून तिकडच्या वसंताची कल्पना करणे आपल्याला अवघड जाते. आपल्याकडे फाल्गुनात पळस पेटतो, आंब्याला कैऱ्या लागतात. तिकडे मार्च उजाडला तरी माती भिजल्या गोणपाटासारखी जड आणि गार असते. फावडे घातले की निघता निघत नाही. फेब्रुवारीत ती बेण्याचे बटाटे अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये डोळे वर करून खिडकीशी मांडते. त्यांना बोटाच्या पेराएवढे जाड हिरवे कोंब आले, की मार्चच्या शेवटी ते जमिनीत जातात. गुड फ्रायडेला बटाटे लावण्याची तिकडे जुनी रीत आहे. तो दिवस कधी मार्चात येतो, कधी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, तरी रीत ती रीत! (आपली अक्षय्य तृतीया तरी कोठे एका तारखेला येते?) त्याच सुमारास वाटाणा, बाकल्याच्या शेंगा, लावणीचे बारके कांदे. ऱ्हुबार्ब नावाची आंबट देठांची एक वनस्पती असते. तिच्यावर बादली पालथी घालून ठेवतात, म्हणजे अंधारात देठ लवकर आणि कोवळे, गुलाबी येतात. मेच्या मध्यापर्यंत रात्री दव गोठण्याचे भय असते, म्हणून टोमॅटोची रोपे घरात खिडकीतच वाढतात. मेथी-कोथिंबीर मावशी मे लागल्यावर पेरते. शेजारच्या प्लॉटवरचे इंग्रज म्हातारबोवा तिला ऱ्हुबार्ब देतात आणि तिच्याकडून मेथीची जुडी नेतात. तिचे ते काय करतात, हे तिने अद्याप विचारलेले नाही.

यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटली. बाहेर फुले फुलतात, पक्षी गातात, कवी ज्या दिवसांवर लिहितात त्या एप्रिल-मे महिन्यांतच वाफा सर्वांत रिकामा असतो. हिवाळ्यातली कोबी-गाजरे संपलेली, नवे पीक अजून बोटभर. या दिवसांना तिकडे 'भुकेची खिंड' अशा अर्थाचे नाव आहे. ज्याने ते नाव दिले तो कवी नसावा. पण त्याला पोट होते.

याच खिंडीच्या तोंडाशी, १ एप्रिल १६४९ रोजी, इंग्लंडच्या सरे परगण्यात सेंट जॉर्जेस हिल नावाच्या टेकडीवर काही गरीब माणसे फावडी घेऊन चढली. राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. मागचे पीक बुडालेले, धान्य महागलेले. त्यांचा पुढारी जेरार्ड विन्स्टनली, धंद्यात बुडालेला कापडव्यापारी. भूमी ही सर्वांची सामाईक ठेव आहे असे त्यांचे म्हणणे. आणि ते म्हणणे त्यांनी कसे मांडले? पडीक सामाईक रान खणून त्यात पार्स्निप, गाजरे आणि शेंगा पेरून. लोक त्यांना 'डिगर्स', म्हणजे खणणारे, म्हणू लागले. आजूबाजूच्या जमीनदारांनी त्यांना मारहाण केली, पिके तुडवली, खटले भरले. ते दुसऱ्या गावी गेले, तेथूनही १६५० च्या वसंतात हुसकले गेले. आज त्या टेकडीवर धनिकांची खाजगी वसाहत आणि गोल्फचे मैदान आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात या माणसांना अडीच ओळी मिळाल्या आहेत, आणि त्या परीक्षेत येत नाहीत.

पुढची दोनशे वर्षे इंग्लंडात सामाईक राने कायद्याने कुंपणात गेली. गायरानात एक गाय आणि चार कोंबड्या राखून ज्याचा संसार चालत होता तो मजूर झाला. मग काहींना दया आली, काहींना दंग्यांची भीती वाटली, आणि १८४५ च्या कायद्यात अशी तरतूद झाली, की कुंपण घालताना भूमिहीनांसाठी थोडी जमीन भाजीपाल्याला राखावी. पुढील पंचवीसेक वर्षांत सुमारे ६,१५,००० एकर रान कुंपणात गेले. त्यातील गरिबांच्या वाट्याला आले सुमारे २,२०० एकर. अख्खे ताट ओढून घ्यायचे, त्यातली कोशिंबीर परत वाढायची आणि वर याला दानधर्म म्हणायचे! त्या तुकड्यांनाही अटी असत. पुष्कळ ठिकाणी रविवारी तेथे काम करायचे नाही, चर्चला हजर राहायचे, असे नियम असत. आणि मोठ्या शेतकऱ्यांचा विरोध कशासाठी होता? मजुराला स्वतःचा वाफा मिळाला तर तो आपल्या अंगातला जोर त्यासाठी राखून ठेवील आणि आमच्या शेतात हात आखडता घेईल, यासाठी.

तेव्हा अलॉटमेंट ही इंग्रजांच्या उदारपणाची कहाणी आहे असे मी म्हणणार नाही. पण नंतर एक गोष्ट घडली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. दान होते त्याचा हक्क झाला. १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर जबाबदारी टाकली, की मागणी असेल तर जमीन उपलब्ध करून दिली पाहिजे. कोणत्याही सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी अर्ज केला तर तो विचारात घ्यावाच लागेल. १९२५ च्या कायद्याने ठरवले, की यासाठी घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीवाचून विकता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी धान्याची जहाजे बुडवायला सुरुवात केली, तेव्हा हेच तुकडे देशाच्या उपयोगी पडले. त्यांची संख्या १४ लाखांवर गेली, लंडनच्या किल्ल्याच्या खंदकातसुद्धा भाजी लावली गेली. आज ती तीन लाखांच्या आसपास आहे, आणि मावशीला तीन वर्षे यादीत थांबावे लागले. कायदा आहे म्हणून जमीन उद्या सकाळी हातात पडते असे नाही. पण हातात पडलेली जमीन तुम्ही तासाला बसलेले असताना नाहीशी होत नाही. मावशीच्या आवाजातली ऐट ती ही.

आता आपल्याकडे या. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर चालवला, आणि सोमवारचे रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. ते सोमवार आमच्या आजीला अजून आठवतात. कृती मोठीच होती. पण तिच्यामागून वाफ्याचा हक्क देणारा एखादा नियम आला नाही. आणि कुंपणांचे म्हणाल, तर जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्येच 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लिहून ठेवले आहे, की जंगल खात्याने डोंगर-दऱ्यांबरोबर गावांची गायरानेही गिळली. विन्स्टनली वाचताना मला फुले आठवले आणि फुले उघडताना विन्स्टनली. परीक्षेत दोघांचे पेपर वेगळे आहेत.

हे सगळे मी खोलीत बोलून दाखवले तेव्हा माझ्या एका मित्राने जे उत्तर दिले, ते येथे वगळले तर मी अप्रामाणिक ठरेन. तो म्हणाला, "माझ्या बापानं दीड एकर विकून मला इथं धाडलं. हातातलं खुरपं सुटावं म्हणून. आणि तू ते इथं परत माझ्या हातात देतोस? तुला हौस आहे, कारण तुला कधी सक्ती नव्हती." वाफे घालणाऱ्या सहांत तो नव्हता. मी काही बोललो नाही. माझे वडील कारकून आहेत. त्याचे शेतकरी होते. मातीची गोडी शहरात राहून गाणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे.

पण रात्री विचार करताना इंग्लंडातल्या त्या मोठ्या शेतकऱ्यांची भीती आठवली. एकच माणूस, एकच फावडे. दुसऱ्याच्या शेतात तो जोर राखून ठेवतो आणि स्वतःच्या वाफ्यात अंधार पडेपर्यंत खपतो. माझ्या मित्राच्या वडिलांना खुरपे नको होते, की खुरप्यातून काही हाती लागत नव्हते ते नको होते? हे मी त्याला नंतर विचारले. तो म्हणाला, "दोन्ही." यावर माझ्याजवळ उत्तर नाही. वाफा कोणावर सक्तीचा असू नये, गुणांच्या आमिषानेही नाही, इतके मात्र त्याच्यामुळे माझ्या ध्यानात आले.

आमच्या काही प्राध्यापकांचे म्हणणे, की राष्ट्रीय सेवा योजनेत वृक्षारोपण आहेच. आहे. फलकाजवळच्या एका खड्ड्यात मी स्वतः प्रथम वर्षाला रोप लावले आहे. द्वितीय वर्षाला त्याच खड्ड्यात दुसरे लावले. झाड लावून फोटो काढला की आपण मोकळे होतो, मेथीचे तसे नाही. तिला दुसऱ्या दिवशीही पाणी लागते, आणि ती कोणाची आहे हे ठरलेले असावे लागते.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे. ग्रंथालयाच्या पश्चिमेला भिंतीपर्यंत जी पडीक पट्टी आहे, तिचे वाफे आखावेत. दहा काठ्या नकोत. एकेकाला अर्धी काठीही पुष्कळ झाली. ज्यांना हवेत त्या विद्यार्थ्यांना आणि शिपाईमामांनाही ते जूनपासून एप्रिलपर्यंत लेखी द्यावेत. त्या कागदावर एवढेच वाक्य असावे, की उभे पीक निघेपर्यंत वाफा मोडता येणार नाही. पाण्यासाठी ग्रंथालयाच्या टाकीचे रोज ओसंडून जाणारे पाणी आहे. ते कोठे जाते हे पावसाळ्याखेरीजही तेथे होणाऱ्या चिखलावरून कोणालाही दिसेल. उंदीर येतील, चोऱ्या होतील, सुट्टीत पाणी कोण घालणार, या शंका मला ठाऊक आहेत. त्या खऱ्या आहेत. लेस्टरलाही चोऱ्या होतात; मावशीचा भोपळा दोनदा गेला.

अर्ज मागच्या महिन्यात दिला आहे. त्यावर सहा सह्या आहेत. सहावी सही त्या मित्राची आहे. "मी लावणार नाही, पण कागद झाला पाहिजे," असे म्हणून त्याने ती केली. अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे. भेंडीचे आणि गवारीचे बी माझ्या कपाटात डब्यात आहे, आणि फाल्गुन सरायला अजून अकरा दिवस आहेत.