आजोबांची पन्हाळ

परवा जांब समर्थला जाऊन आलो. समर्थ रामदासांचं जन्मगाव. मला मात्र आठवतं आमचं माळवद. मृगाआधी आजोबा त्यावर पांढरी माती पसरायचे, पत्र्याची पन्हाळ साफ करायचे. ती भिंतीपासून हातभर पुढे असे, म्हणून मातीची भिंत टिकली. (माळवदाचं ओझं १९९३च्या किल्लारी भूकंपाने दाखवलंच, ते परत नको.)

आता काकांचा स्लॅब आहे. पाइप एकच, तोही भिंतीलगत कापलेला. लिंबाच्या पाल्याने तुंबला आणि आजीच्या खोलीत ओल आली. काका म्हणतात, वॉटरप्रूफिंग करू. अहो, हजार चौरस फुटांवर इंचभर पाऊस म्हणजे सुमारे २,३०० लिटर पाणी! आधी पाइप पुढे काढा, जाळी बसवा, दुसरा पाइप टाका.

काका अजून हो म्हणालेले नाहीत. आजीने पलंग खिडकीकडे सरकवून घेतलाय.