२०२५ सालचे आमच्या पसंतीचे चार चित्रपट

युनियनच्या मासिकात सिनेमावर पान खर्च होऊ नये, असे काही सभासदांना वाटेल. पण पाळी संपवून घरी आलेला कामगार बंधू दोन तास काहीतरी पाहतोच, आणि जे पाहतो ते त्याच्या डोक्यात राहते. २०२५ साली आम्ही बरेच चित्रपट पाहिले. बहुतेक मारधाडीचे होते, ते विसरलो. चार ध्यानात राहिले, कारण त्यांत कष्टकरी माणूस मध्यभागी उभा आहे.

पहिला मान नीरज घायवान यांच्या ‘होमबाउंड’चा. चंदन दलित, शोएब मुसलमान; उत्तरेतल्या खेड्यातले दोन जिवलग मित्र. पोलीस शिपायाची नोकरी लागली की माणूस म्हणून मान मिळेल, एवढीच त्यांची आशा. सुरुवातीलाच परीक्षेला निघालेल्या पोरांनी भरून गेलेला रेल्वे फलाट दिसतो. ही गर्दी आमच्या स्टेशन मास्तरांना आणि तिकीट तपासनिसांना नवी नाही. २०१९ च्या रेल्वे भरतीत एनटीपीसीच्या सुमारे ३५ हजार जागांसाठी सव्वा कोटीच्या घरात अर्ज आले होते. निकालाच्या घोळावरून जानेवारी २०२२ मध्ये बिहार-उत्तर प्रदेशातली पोरे रुळांवर उतरली आणि त्यांनी लाठ्या खाल्ल्या. ज्यांनी तेव्हा त्यांना नुसते दंगेखोर ठरवले, त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. चंदनची आई शाळेत स्वयंपाकाला लागते आणि तिच्या हातचे मुलांनी खाऊ नये म्हणून गाव अडून बसते, तो प्रसंग पाहताना आमच्या शेजारची मंडळी एकदम गप्प झाली होती.

पुढे दोघे सुरतच्या कापड गिरणीत लागतात, टाळेबंदी येते आणि घरची वाट सुरू होते. कथा खऱ्या घटनेवरून घेतली आहे. पत्रकार बशारत पीर यांनी ती २०२० साली लिहिली होती. चित्रपट उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण रेल्वेवाले म्हणून आमचे एक मागणे राहतेच. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून ते पायी निघाले होते, भुसावळला गाडी मिळेल या आशेने. चालकाने गाडी थांबवण्याचा प्रयत्न केला; पण मालगाडी जागच्या जागी थांबत नाही, हे आपल्या लोकांना सांगायला नको. मेले तेही कामगार आणि इंजिनात होता तोही कामगार. त्याच्या मनाचे पुढे काय झाले, हे दाखवणारा चित्रपट आमच्या पाहण्यात नाही. टाळेबंदीतही मालगाड्या चालू होत्या. मे २०२१ पर्यंत १,९५२ रेल्वे कर्मचारी कोविडने गेले, असे रेल्वे बोर्डाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीच सांगितले होते. पडद्यावर मात्र अजून रेल्वे म्हणजे नायिका पळत येऊन पकडते ती गाडी!

दुसरा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’, दिग्दर्शिका रीमा कागती. मालेगावच्या पोरांनी उसन्या पैशांवर आपले स्वतःचे ‘शोले’ बनवले, ती ही हकीकत. त्यांतला शफीक यंत्रमागावर काम करतो आणि कर्करोगाने खंगत असताना सुपरमॅन होऊन उडतो. पाहताना हसू येते. पण ज्या यंत्रमागवाल्याकडे हजेरीपत्रक नाही आणि प्रॉव्हिडंट फंड नाही, त्याने आजारी पडायचे कसे, हा प्रश्न घरी गेल्यावर सुटत नाही.

‘स्थळ’ हा जयंत सोमलकर यांचा मराठी चित्रपट. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची सविता शिकते आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, आणि तिला पाटावर बसवून पाहुणे तेच तेच प्रश्न विचारतात. नाव काय, उंची किती. आमच्या वसाहतींत, मग ती नागपूरची असो वा सिकंदराबादची, हे आजही चालते, आणि विचारणाऱ्यांत आपले सभासद असतात.

चौथा ‘फुले’. चित्रपट म्हणून तो थोडा भाषणबाज वाटला. तरी ठेवतो, कारण आपल्या चळवळीचा धागा तिथूनच निघतो. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. हा चित्रपट ११ एप्रिलला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीलाच, यायचा होता. तो २५ एप्रिलला आला, आणि सेन्सॉर मंडळाच्या सांगण्यावरून त्यातली जातींची नावे काढावी लागली. जात पाळायची, पण उच्चारायची नाही, असा हा न्याय.

आता मुद्दा असा, की हे चित्रपट ज्यांच्याबद्दल आहेत त्यांना ते थिएटरात परवडत नाहीत. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झाला, त्यावरच्या तिकिटावर १८ टक्केच राहिला. शहरात शंभराचे तिकीट कुठे मिळते? शिवाय असे चित्रपट आठवड्यात उतरतात आणि खेळ लागतात ते नेमके आपल्या ड्युटीच्या वेळेत.

एके काळी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये पांढरा पडदा लावून चित्रपट दाखवत. बऱ्याच ठिकाणी आता ते सभागृह लग्नांना भाड्याने जाते. शाखांनी निर्मात्यांची रीतसर परवानगी घेऊन हे चार चित्रपट तिथे दाखवावेत, अशी आमची सूचना आहे. सुरुवात ‘स्थळ’पासून करावी आणि सभासदांनी घरच्या मुलींना सोबत आणावे. एकच खेळ शनिवारी रात्री ठेवला तर रात्रपाळीवाले मुकतील. दुसरा रविवारी दुपारी तीनला ठेवावा.