घरबसले ख्रिस्ती

२०२० साली कोरोनात चर्चला कुलूप होतं. मोबाईलवर उपासना बघितली, मान्य. पण अजून सोफ्यावरच? आदिलाबादेत आपण मराठी ख्रिस्ती मूठभर, त्यात परवा एकजण मलाच म्हणतो, "काका, प्रार्थना घरी होते, मंडळी कशाला?" वर रेव्हरंड टिळकांचा दाखला! अरे बाबा, टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, मंडळी नाही. उलट 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले एकत्र बसावेत म्हणून.

चर्चमध्ये राजकारण आहे, हे मला शिकवू नका. बँकेत दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. मीही हिशोबावरून खजिनदाराशी भांडून दोन वर्षं फिरकलो नव्हतो. ही गेली तेव्हा मुलं हैदराबादेत. रात्री दोनला दारात पहिला उभा तोच खजिनदार! काही बोलला नाही, चहा ठेवला. सकाळी तेलुगू-मराठी पोरांनी कबर खणली, पेटीला खांदा दिला. मोबाईलवरच्या पाळकांना आमचं घर तरी माहीत होतं का?

रविवारी साडेनऊला उपासना आहे. माझ्या शेजारची जागा रिकामीच असते, या.