तालुक्याचे गाव

बीड जिल्ह्याच्या आग्नेय भागात, बालाघाटच्या डोंगररांगेवर, अंबाजोगाई हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. निजामी राजवटीत त्याचे नाव मोमिनाबाद असे होते. २०११ च्या शिरगणतीत येथील वस्ती पाऊण लाखाच्या आसपास भरली. एवढ्या वस्तीला खेडे म्हणता येत नाही. पण मुंबईहून येणारा मनुष्य तिला शहर म्हणावयासही कचरतो. गेवराई, माजलगाव, केज, धारूर, आष्टी ही जिल्ह्यातील इतर गावेही थोड्याफार फरकाने अशीच आहेत.

अशा गावांविषयी बहुधा दोन प्रकारची मते ऐकावयास मिळतात. कोणी म्हणतात, ‘तेथे आहे काय? ना रेल्वे, ना मोठी ग्रंथालये, ना नाट्यगृहे! हुशार मुलाने तेथून जितक्या लवकर बाहेर पडावे तितके बरे.’ दुसरे म्हणतात, ‘खरे सुख तेथेच. तेथील हवा शुद्ध, माणसे साधी आणि मने निर्मळ.’ यांपैकी पहिले मत बहुधा गाव सोडून गेलेल्यांचे असते. आणि गंमत अशी की, दुसरेही गाव सोडून गेलेल्यांचेच असते. जे बारा महिने तेथे राहतात त्यांना वैशाखातील हवा किती तापते हे ठाऊक असते, आणि तेथील मने इतर ठिकाणच्या मनांइतकीच निर्मळ अथवा मळकट असतात, हेही ठाऊक असते.

लहान गाव मोठ्या शहराहून खरोखर वेगळे ठरते ते एका गोष्टीत. तेथे माणसाला अनोळखी राहता येत नाही. गावातील बहुतेक सुखे या एका गोष्टीतून निघतात, आणि दुःखेही पुष्कळशी तिच्यातूनच.

सकाळी दप्तर घेऊन शाळेस निघालेल्या मुलीला वाटेत दहा माणसे भेटली, तर त्यांतील आठांना ती कोणाची कोण हे माहीत असते. किराणा दुकानदार तिला नावाने हाक मारून, ‘बाळ, आजोबांचा खोकला कसा आहे गं?’ असे विचारतो. महिनाअखेरीस घरातील साखर संपली आणि हाती पैसे नसले, तरी अडत नाही. दुकानदार वहीत मांडून ठेवतो. त्या वहीवर कोणाची सही नसते. लिहिणाऱ्याचा शब्द आणि घेणाऱ्याचा शब्द एवढ्यावर तो व्यवहार चालतो. कारण दोघांनाही उद्या त्याच रस्त्यावर एकमेकांना तोंड दाखवावयाचे असते. शहरातील दुकानदार मनाने कोता असतो असे नव्हे. परंतु ज्याचे घर माहीत नाही आणि जो पुन्हा दिसेल याची शाश्वती नाही, अशा गिऱ्हाइकाला त्याने उधार द्यावे तरी कोणत्या भरवशावर?

ओळखीचे मोल संकटात कळते. मध्यरात्री कोणाच्या छातीत दुखू लागले, तर रिक्षावाला शेजारच्या गल्लीतच राहत असतो. त्याचे दार वाजविले की भाड्याची गोष्ट न काढता तो सदरा अंगात घालीत बाहेर येतो. घरात कोणाचे निधन झाले, तर त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारच्या घरांतून पिठले-भाकरी येते. आणणाऱ्या बाया फारसे बोलत नाहीत. भांडी ठेवतात, घटकाभर बसतात आणि उठून जातात. कोणी कोणाकडे न्यावयाचे हे कोठेही लिहून ठेवलेले नसते, तरी त्यात चूक होत नाही.

लहान गावात विद्या वाढत नाही, असाही एक समज आहे. अंबाजोगाईने तो पुष्कळ वेळा खोटा ठरविला आहे. गावाजवळच्या दरीत मुकुंदराजांची समाधी दाखवितात. त्यांचा ‘विवेकसिंधु’ मराठीतील आद्य ग्रंथांत गणला जातो, आणि तो शके १११० मधला, म्हणजे ११८८ सालचा, असे मानतात. सोळाव्या शतकात दासोपंत येथेच राहिले. त्यांनी अफाट लेखन केले. कागद पुरेना म्हणून की काय, एक रचना तर त्यांनी चक्क कापडावर लिहिली! ती ‘पासोडी’ सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. हैदराबाद संस्थानातील स्वातंत्र्यलढ्याचे पुढारीपण करण्यापूर्वी स्वामी रामानंद तीर्थ याच गावी, योगेश्वरीच्या शाळेत, शिकवीत असत. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली आणि मराठवाडा मुक्त झाला. शहरातील शिक्षक शाळा सुटल्यावर गर्दीत मिसळून जातो. लहान गावातील शिक्षक मात्र बाजारात, देवळात, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे शिक्षकच राहतो. भाजी घेताना त्याच्याकडे गावाचे लक्ष असते. हे त्याला जाचत असेलही. पण त्यामुळे त्याचे शिकविणे शाळेच्या भिंतीबाहेर पोहोचते, हे नाकारता येणार नाही.

१९८३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अंबाजोगाईस भरले. व्यंकटेश माडगूळकर त्याचे अध्यक्ष होते. असे संमेलन मुंबईत भरते तेव्हा मुंबईच्या बहुसंख्य रहिवाशांना त्याची वार्ताही नसते. लहान गावात तसे होत नाही. तेथे संमेलन काय, मार्गशीर्षातील योगेश्वरीचा उत्सव काय, जे घडते ते सर्व गावाच्या अंगणात घडते. ज्याने जन्मात कादंबरी वाचली नाही तोही मांडवाकडे फेरी मारून येतो, आणि कोणास ठाऊक, त्याच्या बोटाला धरून आलेले मूल पुढे वाचू लागते.

आता उणिवांकडे वळू. त्यांतील काही सर्वांना दिसणाऱ्या आहेत. रेल्वेचेच पाहा. परळी वैजनाथला रेल्वे निजामी राजवटीतच आली; परंतु जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बीड शहरात प्रवाशांची गाडी सुरू होण्यास २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. अहिल्यानगरहून बीडला रेल्वे यावी म्हणून लोकांच्या दोन-तीन पिढ्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले. अंबाजोगाईच्या मनुष्याला गाडी गाठावयाची तर आजही सुमारे २५ किलोमीटरवरील परळी गाठावी लागते. पाण्याचेही असेच. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, आणि शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या घरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते, तेथील मुलांना शुद्ध हवेचे कौतुक सांगून काय उपयोग?

या उणिवा मोठ्या आहेत, पण त्यांवर उपाय चालतो. त्याला पैसा लागतो, सरकारचे लक्ष लागते, आणि लोकांची चिकाटी लागते. १९७४ साली अंबाजोगाईस ग्रामीण भागासाठी म्हणून वैद्यकीय महाविद्यालय निघाले. अशा प्रकारचे ते आशिया खंडातील पहिले, असा त्याचा उल्लेख केला जातो, आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचेच नाव दिलेले आहे. जे महाविद्यालय एरवी मोठ्या शहरातच शोभले असते, ते डोंगरावरच्या तालुक्याच्या गावी आले. म्हणजे मोठी संस्था चालविण्यासाठी गाव मोठेच असावे लागते, असे नाही.

दुसरी उणीव मात्र सरकारला दूर करता येणार नाही. ती ओळखीच्या पोटातच दडलेली असते. दहावीत एखादा मुलगा नापास झाला, तर संध्याकाळपर्यंत ती बातमी वेशीपर्यंत पोहोचते. शहरात त्याला फक्त घरच्यांना तोंड द्यावे लागते; येथे न्हाव्यापासून देवळातल्या गुरवापर्यंत प्रत्येकाला. एखादी मुलगी कबड्डीच्या सरावाहून दिवेलागणीनंतर परतली, तर तिच्या आईला दुसऱ्या दिवशी चार जणींच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. आईला मुलीचा खेळ पसंत असतो. पण त्या प्रश्नांना कंटाळून अखेर तीच म्हणते, ‘पुरे झाला आता खेळ.’ मुलीचा खेळ कोणी बंद केला? कोणीही नाही, आणि सगळ्यांनी मिळून. एरवी मायाळू असणारे गाव येथे निष्ठुर होते, आणि त्याला ते कळतही नाही.

याहूनही कठोर गोष्ट सांगणे भाग आहे. गावाची ओळख सर्वांना सारखी सुखाची कधीच नव्हती. ज्यांना शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले, ज्यांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू दिले नाही, त्यांनाही गाव चांगले ओळखत होतेच. किंबहुना ओळखत होते म्हणूनच अडवीत होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांचा गौरव करणाऱ्यांवर कडक टीका केली, ती याच अनुभवातून. अस्पृश्यांनी खेडी सोडून शहराकडे जावे, असे त्यांचे मत होते. शहराच्या गर्दीत आडनाव न विचारता शेजारी बसता येते, हे ज्याला गावात कधी मिळाले नाही त्याला शहर कसे आवडू नये? शहरातही खोली भाड्याने देताना आडनाव विचारणारे महाभाग असतात, हा भाग निराळा.

काही वडीलधारी माणसे म्हणतात की, गावाचे डोळे असतात म्हणूनच मुले वाकड्या वाटेने जात नाहीत. यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. शाळा बुडवून तळ्यावर गेलेल्या मुलाला कोणीतरी काका कान धरून परत आणतात, आणि कदाचित त्याचा जीवही वाचवितात. परंतु त्या काकांच्या आणि कबड्डी खेळणाऱ्या मुलीच्या आईला छेडणाऱ्या बायांच्या वागण्यात मोठे अंतर आहे. मराठीत यासाठी दोन निराळे शब्दच आहेत. एक विचारपूस, आणि दुसरा उठाठेव. विचारपूस करणारा मनुष्य दाराशी येतो तेव्हा त्याच्या हातात काहीतरी असते. औषध असते, पिठले-भाकरी असते, निदान ‘मी येतो बरोबर’ हे शब्द असतात. उठाठेव करणारा रिकाम्या हाताने येतो आणि बातमी घेऊन जातो. लहान गावात ही दोन्ही माणसे शेजारी शेजारी राहतात. पुष्कळदा तर ती एकाच घरात राहतात. सकाळी एक रूप, संध्याकाळी दुसरे.

शिक्षणासाठी पुण्यास अथवा छत्रपती संभाजीनगरास गेलेल्या मुलामुलींना याचा अनुभव उलट बाजूने येतो. वसतिगृहात पहिले काही दिवस मोठ्या आनंदाचे जातात. कोठे गेलात, कोणाबरोबर गेलात, काय घातले, कोणी विचारीत नाही! मग एखाद्या दिवशी ताप भरतो, आणि तेव्हाही कोणी विचारीत नाही. दुपार सरते, संध्याकाळ होते. तेव्हा त्या मुलाला गावातील किराणा दुकानदाराची आठवण होते, ज्याच्या प्रश्नांना तो इतके दिवस कंटाळला होता.

त्यांतील बहुतेक मुले शहरातच राहतात, आणि त्यांना कोणी दोष देऊ नये. काही थोडी परततात. परतणाऱ्यांजवळ पदवी असते, थोडा पैसा असतो. पण गावाला त्याहून अधिक उपयोगी अशी एक सवय ते बरोबर आणतात. शिकून आलेली अशी एखादी डॉक्टरीण तालुक्याच्या गावी आपला दवाखाना थाटते. बाकावर बसलेल्या बाया सर्व तिच्या ओळखीच्याच असतात. कोणी आत्या, कोणी मावशी. प्रत्येकीच्या घरची विचारपूस ती करते, म्हाताऱ्यांना हात धरून आत नेते, पैसे नसतील तर ‘पुढच्या वेळी द्या’ म्हणते. एक मुलगी औषध घेऊन बाहेर पडते. तिच्या पाठोपाठ आत आलेली शेजारीण खुर्चीवर बसता बसताच हळूच विचारते, ‘हिला काय झालं हो?’ डॉक्टरीण नाडी पाहण्यासाठी शेजारणीचा हात हातात घेते आणि म्हणते, ‘मावशी, तुम्हाला काय होतंय ते सांगा.’