रेषेची साक्ष

आमच्या घरी ‘छापून आले आहे’ म्हटले की वाद संपतो. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे छापील शब्दावर माझीही तशीच श्रद्धा होती. इथे आल्यावर शब्दाची उलटतपासणी करायला शिकलो. पण चित्राचे काय? इतिहासाच्या पुस्तकातले चित्र आपण पुरावा समजून पाहतो आणि पान उलटतो. हे मला चुकीचे वाटते.

हा विचार मनात आला तो सिमोन फोके (१७१२–१७८४) या डच कलावंताच्या एका चित्रामुळे. ११ मे १७७२ रोजी ॲमस्टरडॅमच्या नाट्यगृहाला प्रयोग चालू असताना आग लागली. १८ माणसे दगावली. फोकेने तो प्रसंग तांब्याच्या पत्र्यावर उतरवून छापला. समोर पेटलेला रंगमंच, अलीकडे जीव घेऊन पळणारे प्रेक्षक. नाटकासाठी उभारलेली चौकट तीच. तिच्यात आता खरा अनर्थ घडतो आहे. आणि पाहणारे आपण? रचनाच अशी, की आपणही प्रेक्षागृहात उभे!

आता रेषेकडे पाहू. या तंत्रात करडा रंग नाही. आहे ती काळी शाई आणि पांढरा कागद. छाया हवी तर रेषा जवळजवळ ओढायच्या, अधिक गडद हवी तर त्यांना छेदणाऱ्या रेषा घालायच्या. जवळच्या आकृतींच्या रेषा ठसठशीत, दूरच्यांच्या नाजूक. एवढ्यावर अंतराचा भास उभा राहतो. आणि आग? जिथे रेषा ओढलीच नाही, ती जागा म्हणजे आग! भोवतालचा धूर काळा केला, की कोरा कागद पेटतो. चित्रात जे सर्वांत भयंकर, तेच न काढलेले आहे.

कुणी म्हणेल, त्या काळी कॅमेरा नव्हता, तेव्हा हेच छायाचित्र समजा. मला ते पटत नाही. पत्र्यावर काढलेले कागदावर उलटे उमटते, डावे ते उजवे होते. म्हणजे हे काम आधी विचार करूनच करावे लागते. कुणाला पुढे आणायचे, कुणाला धुरात लोटायचे, हे चित्रकार ठरवतो.

याच फोकेने यान वाखेनार यांच्या १७४९ ते १७५९ या काळात निघालेल्या २१ खंडांच्या डच इतिहासासाठीही चित्रे केली. त्या इतिहासातले कितीतरी प्रसंग त्याच्या जन्माआधीचे. तरी हात तोच आणि रेषा तितकीच ठाम! स्वतःच्या शहरात घडलेले आणि केवळ कल्पिलेले, यांत रेषा भेद करीत नाही. तो भेद आपणच करायला हवा.

म्हणून चित्र खोटे ठरवून फेकून द्या, असे माझे म्हणणे नाही. त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करा. कुणी काढले, प्रसंगानंतर किती वर्षांनी, कुणासाठी, एवढे तरी आमच्या पाठ्यपुस्तकांत प्रत्येक चित्राखाली छापावे आणि प्राध्यापकांनी तासाला विचारावे. शब्द वाचायला आपण शिकलो. रेषा वाचायला कधी शिकणार?